‘मराठवाडी बोलीचा अभ्यास’ हा विषय झाला. प्रश्न कुठे आहे?

प्रश्न असा आला आहे: ‘मी देगलूर तालुक्यातला. मराठीत बी.ए. केलं, आता एम.ए. भाषाविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आहे. पुढे पीएच.डी. करायचं नक्की आहे. विषयही ठरवलाय, मराठवाडी बोलीचा भाषावैज्ञानिक अभ्यास. या दोन वर्षांत तयारी म्हणून नेमकं काय करू? नेटचा, म्हणजे यूजीसीच्या पात्रता परीक्षेचा, अभ्यास आत्तापासून लावू का? दुसऱ्या वर्षाला प्रबंधिका ऐच्छिक आहे. सीनियर म्हणतात, घेऊ नको, मार्क कमी पडतात. इंग्रजीची भीती वाटते ती वेगळीच.’

प्रबंधिका, म्हणजे एम.ए.चा छोटा प्रबंध, घ्या. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी. आमच्या वेळी एम.ए. झाल्यावर एम.फिल. असायचं. वर्ष-दीड वर्ष एखादा छोटा प्रश्न घेऊन बसायचं, चुकायचं, गाइडची बोलणी खायची आणि मगच पीएच.डी.कडे वळायचं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनी एम.फिल. बंद झालं. म्हणजे चुका करून बघायची हक्काची जागा गेली. आता ती जागा एम.ए.च्या प्रबंधिकेत उरली आहे, तीही ऐच्छिक. ती सोडलीत तर आयुष्यातलं पहिलं संशोधन तुम्ही थेट पीएच.डी.च्या नोंदणीनंतर कराल, आणि पहिल्या संशोधनात ज्या चुका होतातच त्या तिथे दोन-दोन वर्षं खातात. चार मार्क कमी पडले तर पडू देत. पीएच.डी.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. ७५ आणि ७१ यांतला फरक मुलाखतीत कुणी विचारत नाही. ‘प्रबंधिकेत काय केलंत?’ हे मात्र पहिल्या पाच मिनिटांत विचारतात.

एम.ए.चं काम केवढं मोठं असू शकतं याचं आमच्या क्षेत्रातलं नेहमीचं उदाहरण म्हणजे विल्यम लबॉव्ह. हा माणूस आधी शाई बनवण्याच्या धंद्यात रसायनांचं काम करत होता, तिशी उलटल्यावर भाषाविज्ञानाकडे आला. १९६१ साली तो अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटावर गेला आणि तिथल्या लोकांचे फक्त दोन संयुक्त स्वर ऐकत बसला. ६९ माणसं, दोन स्वर. उन्हाळ्यात बेटावर पर्यटकांची गर्दी होते. त्या गर्दीचा ज्यांना जाच वाटत होता, बेट सोडून जायचं नाही असं ज्यांच्या मनात होतं, त्यांच्या तोंडी ते स्वर जास्त बदललेले सापडले. हे त्याचं एम.ए.चं काम. न्यूयॉर्कवरचा मोठा पीएच.डी. प्रबंध त्यानंतरचा. त्याने ‘मार्थाज व्हिनयार्डच्या बोलीचा भाषावैज्ञानिक अभ्यास’ असा विषय घेतला असता तर आज मी त्याचं नाव घेतलं नसतं.

आता तुमच्या विषयाकडे. रागावू नका, पण ‘मराठवाडी बोलीचा भाषावैज्ञानिक अभ्यास’ हे कपाटाचं नाव झालं. कपाटात काय ठेवायचं हे अजून ठरायचंय. असे प्रबंध मी भरपूर वाचलेत, काही तपासलेही आहेत. पहिलं प्रकरण जिल्ह्याचा भूगोल, पर्जन्यमान आणि ग्रामदैवतं. दुसरं स्वनिम, म्हणजे अर्थात फरक करणारे ध्वनी. तिसरं नामाची रूपं. चौथं क्रियापदं. शेवटी म्हणी आणि ओव्यांचं परिशिष्ट. सगळं खरं असतं आणि वाचून झाल्यावर आपल्याला नवीन काय कळलं, हे सांगता येत नाही. (परिशिष्टातल्या ओव्याच कधीकधी सगळ्यात कामाच्या निघतात, ते सोडा.)

प्रश्न कसा असतो ते तुमच्याच घरातल्या भाषेवर दाखवते. तुमच्याकडे ‘काय करायलास?’ म्हणतात. मी जेवायलो, ती झोपायली, पाऊस पडायला. लातूरकडे सरकलं की ‘करूलालो’, ‘करलालो’ कानावर येतं. पुण्याचा माणूस या जागी ‘करतोय’ म्हणतो. बी.ए.च्या वहीत याची नोंद एका ओळीत संपते: ‘मराठवाडीत अपूर्ण वर्तमानकाळासाठी -आयलो हा प्रत्यय लागतो.’ खरं काम त्या ओळीनंतर सुरू होतं.

पहिली गोष्ट, हे रूप नेमकं कधी वापरतात? ‘तो आत्ता शाळेत जायला’ हे ठीक. ‘तो रोज शाळेत जायला’ हे चालतं का, की तिथे ‘जातो’च हवं? ‘मला असं वाटायलं’ तुम्ही म्हणता हे मला माहीत आहे. मग वाटणं ही क्रिया आहे की अवस्था? ‘भूक लागायली’ चालतं, मग ‘माहीत असायलं’ का चालत नाही, की चालतं? नकारात काय होतं? ‘तो करायला’ याचं उलट ‘तो करायला नाही’ की ‘करत नाही’ की ‘करंना’? नकारात गेल्यावर हे रूप गळून पडत असेल तर तीही फार महत्त्वाची खबर आहे.

दुसरी गोष्ट मला विशेष आवडते. ‘तो पाणी प्यायला.’ हे वाक्य पुण्यात ऐकलं तर पिऊन झालं. देगलूरला ऐकलं तर ग्लास अजून हातात आहे. एकच वाक्य, दोन गावांत दोन वेळा. मग ‘पिऊन झालं’ हे तुमच्याकडे कसं सांगतात? ‘प्याला’ म्हणतात का? म्हणजे एका रूपाने दुसऱ्याला जागेवरून हलवलंय का? हे नुसतं आईला विचारून कळणार नाही, त्यासाठी प्रसंग रचावे लागतात.

तिसरी गोष्ट, हे रूप आलं कुठून? सहज सुचणारं उत्तर असं की ‘करू लागलो’ झिजून ‘करूलालो’ झालं आणि ‘करायला लागलो’ झिजून ‘करायलो’. म्हणजे सुरुवात सांगणारं ‘लागणे’ हळूहळू चालू असलेली क्रिया सांगायला लागलं. पण दुसरंही एक उत्तर शक्य आहे. प्रमाण मराठीत ‘तो पुण्याला राहायला आहे’ म्हणतात, तिथे ‘लागणे’ कुठेच नाही. ‘करायला आहे’मधलं ‘आहे’ गळून ‘करायला’ उरलं असेल तर? दोन उत्तरं झाली. आता दोघांना अडचणीत आणणारा पुरावा शोधायचा. प्रमाण मराठीतलं ‘राहायला’ लिंगवचनाने बदलत नाही: तो राहायला आहे, ती राहायला आहे, ते राहायला आहेत. तुमचं रूप मात्र बदलतं: तो करायला, ती करायली, मी करायलो. असं बदलणं ‘लागला, लागली, लागलो’ याच्याशी जुळतं. पारडं पहिल्या उत्तराकडे झुकलं. पण संपलं नाही, कारण इतर भूतकाळी रूपांच्या देखादेखी हा बदल मागाहूनही आला असेल. मग मधली रूपं कुठे सापडतात का, ‘करायलालो’सारखं काही एखाद्या गावात म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे का, हे बघायला बाहेर पडायचं. आता तुमच्याकडे फिरायला कारण आहे. बोली गोळा करायला सगळेच फिरतात, तुम्ही एका ‘ला’च्या मागे फिरणार.

एम.ए.च्या प्रबंधिकेला यातला पहिला भाग पुरे. दोन गावं, दहा-बारा माणसं, एक रूप. तेवढं नीट झालं तर पीएच.डी.चा प्रश्न त्यातूनच निघतो. तेलंगणा आणि कर्नाटक तुमच्या उंबऱ्यावर आहेत. हे रूप कन्नड-तेलुगूच्या शेजारामुळे टिकलं का, वाढलं का, असं विचारायला मग तोंड असेल. भाषांच्या शेजारधर्माचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण आपल्याच सांगली जिल्ह्यातलं आहे, हे वर्गात सांगितलं असेलच. कुपवाड. गंपर्झ आणि विल्सन या भाषाभ्यासकांनी १९७१ साली मांडलं की तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू एकाच साच्यात इतकी ओतली गेली आहे की वाक्य शब्दाला शब्द ठेवून एका भाषेतून दुसरीत नेता येतं. पुढे चाळीसेक वर्षांनी डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी तिथे पुन्हा गेल्या आणि तो साचा तपासून पाहिला. नावाजलेल्या निष्कर्षाकडे पुन्हा जाऊन पाहणं हेही संशोधनच. आपल्या विद्यार्थ्यांना वाटतं, कुणी केलेला विषय म्हणजे संपलेला विषय. उलट, कुणी काही करून ठेवलं असेल तिथेच तुम्हाला भांडायला जागा मिळते.

नुसती चांगली कल्पना पुरत नाही, म्हणून फील्डवर्कबद्दल दोन गोष्टी. तुम्ही घरचेच आहात हा फायदा, आणि तीच अडचणही. तुमच्या कानाला जे चुकीचं वाटतं ते शेजारच्या गल्लीत बरोबर असू शकतं. शिवाय तुम्ही आता ‘शिकलेले’ झालात. लॅपटॉप उघडून बसलात की समोरचे आजोबा पुस्तकी बोलायला लागतात आणि मधेच विचारतात, ‘बरोबर बोलायलो ना मी?’ त्या प्रश्नातलं ‘बोलायलो’ टिपा, आधीचं अर्ध्या तासाचं बोलणं विसरा. ‘मी खात आहे याला तुम्ही काय म्हणता?’ असं विचारलं की प्रमाण वाक्याचं भाषांतर मिळतं, बोली मिळत नाही. त्याऐवजी प्रसंग सांगा: ‘तुम्ही जेवताय, तेवढ्यात फोन वाजला, नातू उचलतो आणि पलीकडच्याला सांगतो, काय सांगेल?’ ऑस्टेन डाल यांनी १९८५ साली काळ आणि क्रियाव्याप्ती (क्रिया चालू आहे की संपली) यांसाठी केलेली प्रश्नावली याच धर्तीची आहे. ती घ्या, पण बर्फ आणि ओव्हन काढून ज्वारी आणि चूल घाला.

रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये करा. व्हॉट्सॲपवर मागवलेले आवाज वाक्यरचनेसाठी कदाचित चालतील, स्वनविज्ञानासाठी नाही, कारण आवाज दाबून पाठवताना त्यातला बराच तपशील गळतो. पंखा बंद करा. उन्हाळ्यात मराठवाड्यात पंखा बंद करा म्हणणं म्हणजे पाहुण्याला छळणं आहे हे मला कळतं, तरी करा. प्राट या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये नंतर त्या पंख्याची काळी पट्टी बघून रडण्यापेक्षा बरं. शक्यतो सकाळी लवकर बसा. गिरणी सुरू व्हायच्या आत.

माझी स्वतःची फजिती सांगते. विद्यार्थी असताना एका उन्हाळ्यात मी चौदा कॅसेटी भरून आणल्या. लेबलं लिहिली होती: ‘आजी १’, ‘आजी २’, ‘दुकानदार’. तेव्हा सगळं डोक्यात पक्कं होतं. दोन वर्षांनी बसले तर कुठली आजी कुठल्या गावची, लग्न होऊन आलेली की तिथलीच, काही आठवेना. चौदापैकी नऊ कॅसेटी मी प्रबंधात वापरू शकले नाही. म्हणून प्रत्येक फाइलसोबत त्याच दिवशी लिहा: गाव, वय, माहेर कुठलं, शाळा किती, घरात कुठल्या भाषा, बाहेरगावी किती वर्षं, आणि आवाज वापरायची परवानगी कशी घेतली. आमच्या विभागात याला गमतीने ‘सातबारा’ म्हणतात. सातबारा नसलेली फाइल म्हणजे दुसऱ्याची जमीन. एका तासाचं रेकॉर्डिंग नीट लिहून काढायला माझ्या विद्यार्थ्यांना आठ-दहा तास सहज लागतात, तेव्हा चाळीस तास गोळा करायची हौस धरू नका. रेकॉर्डिंग लिहून काढायचं ईलान हे सॉफ्टवेअर शिकून घ्या, फुकट आहे. पहिले चार दिवस त्रास देतं, मग त्याच्याशिवाय करमत नाही.

वर्गातल्या विषयांबद्दल. सगळे सारखेच महत्त्वाचे असं मी म्हणणार नाही. स्वनविज्ञानाचा कान एम.ए.तच तयार होतो, नंतर होत नाही. ‘चाका’तला च आणि ‘चार’ भिंतींतला च वेगळा हे आपल्याला माहीत असतं, पण देवनागरी दोन्हीला एकच अक्षर देते आणि आपण लिहिताना ते विसरून जातो. आयपीए ही ध्वनी लिहायची आंतरराष्ट्रीय लिपी येईपर्यंत देवनागरीवर विश्वास ठेवू नका. वाक्यविन्यासाकडे मराठीची मुलं झाडांच्या आकृत्या म्हणून बघतात आणि घाबरतात. आकृती विसरा, युक्तिवाद शिका. ‘रामाने आंबा खाल्ला’ मध्ये ‘ने’ आहे, ‘मी आंबा खाल्ला’ मध्ये नाही, तरी दोन्हीकडे क्रियापद आंब्याच्या मागे जातं: चिंच खाल्ली, पेरू खाल्ले. मग ‘मी’ला तृतीया आहे की नाही? काही बोलींत ‘म्या’ आहे, त्याने उत्तर बदलतं का? ‘तू आंबा खाल्लास’ मधला ‘स’ कुणाचा? शाळेतल्या व्याकरणाने यांना संस्कृतच्या आठ कप्प्यांत बसवलं आणि आपण प्रश्न विचारायचं सोडून दिलं. बी.ए. मराठीचं ओझं म्हणतात ते हेच: उत्तर आधी पाठ, प्रश्न नंतर. ‘अशुद्ध’ आणि ‘अपभ्रंश झालेला’ हे दोन शब्द वहीतून खोडून टाकलेत तर निम्मं ओझं उतरेल.

ऐतिहासिक भाषाविज्ञानाला मुलं टांग मारतात, कारण नोकरीत त्याचा उपयोग नाही असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ‘करायलो’च्या उगमाबद्दल मी वर जे बोलले ते सगळं त्याच विषयातलं आहे. संख्याशास्त्र मात्र अभ्यासक्रमात बहुतेक नसतं, ते बाहेरून शिका. सरासरी, फरक योगायोगाने पडला की खरा, एवढं आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरून करता आलं तरी तुमच्या बॅचमध्ये तुम्ही वेगळे दिसाल. संगणकीय भाषाविज्ञानाची सध्या हवा आहे. आवड असेल तर पायथन शिका. नोकरीच्या भीतीने शिकू नका, भीतीने शिकलेलं टिकत नाही.

इंग्रजीची भीती. ही मी हसण्यावारी नेत नाही, कारण मीही मराठी माध्यमातलीच. भाषाविज्ञानाचा पेपर वाचायचा एक आडमार्ग सांगते. पहिल्या वाचनात फक्त उदाहरणवाक्यं वाचा. ती तमिळची असोत की तुर्कीची, प्रत्येक शब्दाखाली त्याचा अर्थ आणि प्रत्यय फोडून दिलेले असतात. ही फोड करायचा ठरलेला संकेत आहे, लाइपझिगचे नियम म्हणून ओळखतात. दहा पानांचे आहेत, पाठ करा. नुसत्या उदाहरणांवरून लेखक काय म्हणत असेल याचा अंदाज मराठीत लिहा. मग मजकूर वाचा आणि अंदाज कुठे चुकला ते बघा. सहा महिन्यांत इंग्रजी सोपं होत नाही, पण इंग्रजीचा धाक जातो. लिहायची वेळ आली की पहिला खर्डा मराठीत काढायला लाजू नका. भाषावैज्ञानिक अशोक केळकर अमेरिकेत कॉर्नेलला जाऊन पीएच.डी. करून आले, आयुष्यभर इंग्रजीत लिहिलं आणि मराठीतही तेवढ्याच ताकदीने लिहिलं. मराठीत नेमकं लिहिता येत नसेल तर तो विचारच अजून कच्चा आहे, असं मला वाटतं. इंग्रजीत कच्चेपणा लपतो.

आता नेट. आत्तापासून नको. पहिल्या वर्षी वर्गातलं नीट केलंत तर नेटचा निम्मा अभ्यास तिथेच होतो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सहा महिन्यांत जुने पेपर सोडवा. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही बसता येतं, आणि परीक्षा वर्षातून दोनदा होते, त्यामुळे एक गेली म्हणून जग बुडत नाही. भाषाविज्ञानाचा विषय क्रमांक ३१. दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा एकही गोल रिकामा ठेवू नका. २०२४च्या जून सत्रापासून निकाल तीन प्रकारचा लागतो: जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती), सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र, आणि फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. पुढच्या दोन प्रकारांत प्रवेशाच्या वेळी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे, आणि ते गुण वर्षभरच चालतात. जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,००० रुपये, वर घरभाडं. घरून पैसे येण्यासारखे नसतील तर जेआरएफच्या मागे लागणं हा शहाणपणा आहे, त्यात कमीपणा नाही. ती नाही मिळाली तर आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्ती आहेत. मात्र जाहिरात येण्याचा आणि पैसे हातात पडण्याचा काळ धरूनच खर्चाचं गणित मांडा. आयआयटींच्या मानव्यविद्या विभागात जायचा विचार असेल तर गेट या प्रवेश परीक्षेतही २०२१पासून भाषाविज्ञान आहे, तिकडेही बघा.

नेटचा एक धोका सांगून ठेवते. ती परीक्षा कुणी काय कधी म्हटलं हे विचारते. वर्षभर त्याच तालमीत राहिलं की मेंदूला चार पर्याय दिल्याशिवाय विचारच सुचेनासा होतो. माझ्याकडे जेआरएफ घेऊन आलेली, सगळे सिद्धान्त तोंडपाठ असलेली मुलं आली आहेत. एका अनोळखी भाषेतली वीस वाक्यं पुढे ठेवून ‘यात अनेकवचन शोधा’ म्हटलं की गप्प. उलट नेटला दोनदा आपटलेली एक मुलगी मेळघाटातल्या कोरकू भाषेची वाक्यं घेऊन बसली आणि तासाभरात तिने मला मी न पाहिलेली गोष्ट दाखवली. मुलाखतीत बहुतेक ठिकाणी हेच बघतात.

गाइड आणि संस्था. इथे मुलं सगळ्यात घाईने निर्णय घेतात. आधी विभाग निवडू नका, आधी माणूस निवडा, मग तो जिथे आहे तिथे जा. डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठ, जेएनयू, दिल्ली विद्यापीठ, हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ, तिथलंच इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ), प्रत्येकाचा कल वेगळा. कुठे बोली आणि क्षेत्रीय काम, कुठे औपचारिक वाक्यविन्यास, कुठे भाषांतर आणि उपयोजित भाषाविज्ञान. ‘करायलो’वर काम करायचंय तर क्रियाव्याप्ती किंवा बोलींवर ज्याने गेल्या पाच वर्षांत काही लिहिलंय असा माणूस शोधा. त्याचे दोन पेपर वाचा आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर पत्र लिहा. पत्रात ‘आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधन करण्याची तीव्र इच्छा आहे’ हे लिहू नका, तसली पत्रं दिवसाला तीन येतात. तुमची पाच वाक्यं लिहा आणि तुम्हाला कशाचा उलगडा होत नाही ते लिहा. जागांचं गणितही लक्षात ठेवा: नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएच.डी.चे विद्यार्थी असू शकतात. हवा तो माणूस भरलेला असेल तर एक वर्ष थांबणं मला परवडणारं वाटतं. नको त्या माणसाकडे सहा वर्षं काढणं नाही. पूर्वी माझ्याकडे एम.ए. केलेल्या एकाला दुसऱ्या एका ठिकाणी पहिल्याच भेटीत सांगितलं गेलं, ‘तुझा विषय राहू दे, आमच्या प्रकल्पातला घे.’ त्याने घेतला. प्रबंध झाला, पदवी मिळाली, तो विषय त्याने पुन्हा कधी उघडला नाही.

परदेशी जायचं मनात असेल तर एवढंच: अमेरिकेत पीएच.डी. पाचेक वर्षांची असते, बहुधा पैशांसकट, आणि तिथे एम.ए. असायलाच हवं असं नाही. पण तुमच्यासारख्या, बी.ए.ला भाषाविज्ञान न शिकलेल्याला इथलं एम.ए. नसेल तर अर्जात दाखवायला काही उरत नाही. युरोपात, विशेषतः जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये, पीएच.डी.ची जागा नोकरीसारखी जाहिरातीतून निघते आणि तिथे एम.ए.चा प्रबंध मागतात. दोन्हीकडे लिखाणाचा नमुना लागतो. तो कुठून येणार? पुन्हा प्रबंधिकाच.

वेळापत्रक मागाल म्हणून ढोबळ सांगते. पहिल्या वर्षी ऐका, नोंदी घ्या, आयपीए पक्कं करा आणि दर आठवड्याला एक पेपर वाचा, जास्त नको. उन्हाळ्यात गावी दोन आठवडे चाचणीचं फील्डवर्क करा. ते फसेल, फसू द्या. तिसऱ्या सत्रात खरं फील्डवर्क, चौथ्यात लिखाण. मधे कुठेतरी विद्यार्थ्यांच्या परिषदेत दहा मिनिटं बोलून या. स्कॉनली ही देशभरातल्या भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांची परिषद त्यासाठी बरी, तिथे सगळेच नवे असतात. पीएच.डी.ला लागल्यावर किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क असतं, किमान ३ आणि मुदतवाढ धरली नाही तर जास्तीत जास्त ६ वर्षं मिळतात. ऐकायला भरपूर वाटतात. प्रश्न घेऊन आलेल्याला ती पुरतात. विषय घेऊन आलेल्याची पहिली दोन प्रश्न शोधण्यात जातात.

दिवाळीला घरी जाल तेव्हा एक वही न्या. कानावर पडलेलं प्रत्येक ‘-आयलो, -आयली, -आयलं’ वाक्यासकट लिहा, आणि शेजारी त्या वेळी काय चाललं होतं ते लिहा. पन्नास वाक्यं झाली की थांबा. मग त्याच पन्नास प्रसंगांत साधं ‘करतो, करते’ कुठे आलं असतं आणि कुठे आलंच नसतं, याची खूण करा. नंतर रेकॉर्डिंग करावंसं वाटलं तर आधी विचारा, आईलाही. ती बहुतेक म्हणेल, ‘आता हे काय करायलास?’ तेही लिहून घ्या.